डावीकडची तोटी

जुनी गाडी खोटं बोलत नाही, असं आमच्या धंद्यातले लोक म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. रंगाचे एकावर एक हात चढत गेले की गाडीसुद्धा माणसासारखी बरंच काही पोटात ठेवायला शिकते. ते बाहेर काढायचं तर खरवडावं लागतं, आणि खरवडण्यातच माझा जन्म गेला.

नोकरी आधी तालुक्याच्या खरेदी-विक्री संघाच्या आणि पुढे सहकारी साखर कारखान्याच्या गॅरेजात झाली. ट्रॅक्टर, उसाचे ट्रक, साहेब लोकांच्या जीपा. निवृत्त झालो तरी हात स्वस्थ बसेनात. मग घाटनांदूरजवळच्या आमच्या गावी, वस्तीतल्या घराच्या अंगणात पत्र्याचं शेड टाकलं आणि डिस्पोजलच्या जीपा नव्या करून द्यायला लागलो. फौजेत वापरून झालेल्या गाड्या लिलावात निघतात, त्यांना आमच्याकडे डिस्पोजलच्या गाड्या म्हणतात. चारही चाकांना जोर मिळत असल्याने बैलगाडी अडते तिथून ही जीप जाते. एके काळी संघ, सोसायट्या, कंत्राटदार सगळ्यांनी त्या घेतल्या, वापरल्या आणि मग गोठ्यामागे फेकून दिल्या. आता हौशी लोकांना त्याच जीपा पुन्हा हिरव्यागार हव्या आहेत.

काम सांगायला सोपं आहे. गाडी सगळी उघडायची, गंजलेले नटबोल्ट डिझेलमध्ये भिजत घालायचे, पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, सोडवायचे, इंजिन उतरवायचं, पत्रा नागडा होईपर्यंत रंग काढायचा आणि मग सगळं उलट्या क्रमाने जोडायचं. अवघड काय असेल तर धीर धरणं. आमची शांता म्हणते, "लोकांच्या अंगणात फुलझाडं असत्यात, माझ्या अंगणात पाटे आन् डिफरन्सल." म्हणते खरी, पण उन्हाळ्यात मिरच्या वाळत घालायला तिला बॉनेटच लागतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. चकलांब्याकडच्या एका शेतकऱ्याने जीपचं इंजिन मळणी यंत्राला जोडलं होतं. त्याच्या भावाने उरलेल्या सांगाड्यात कोंबड्या ठेवल्या होत्या. वाटण्या मिटल्या तेव्हा दोघे दोन बैलगाड्यांत आपापला हिस्सा घालून आले आणि म्हणाले, "मिस्त्री, आमचं जुळलंय, आता हिचं जुळवा." पाटोद्याचे एक प्राध्यापक तर त्यांच्याही वरताण. मी खपून सगळे पोचे काढले, आणि ते जीपभोवती एक फेरी मारून नाराज झाले. "फारच नवी दिसते हो. थोडी लढाई बघितलेली वाटली पाहिजे." काढलेले पोचे परत घालून द्यायची वेळ माझ्यावर आली. दिले घालून. गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही, हे मी माझ्या उस्तादांकडून शिकलो होतो.

हमीद उस्ताद. खरेदी-विक्री संघाच्या गॅरेजचे मुख्य मिस्त्री. मला हातात पाना कसा धरायचा इथपासून त्यांनी शिकवलं. पत्र्याच्या कामात अख्ख्या तालुक्यात त्यांच्यासारखा हात नव्हता. त्यांचं एक वाक्य मी हजारदा ऐकलं असेल: "सुदाम, गाडी कू देख रे, गाडीवाले कू मत देख." गाडी कुणाची, तिने काय केलं, कुणाला नेलं, कुणाला सोडलं, हे मिस्त्रीने विचारायचं नाही. मी ते पाळत आलो. एका जीपने मात्र ते मोडलं, आणि तिचीच हकिगत मला इथे सांगायची आहे.

ती आली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. मालक रणजितदादा. संघाचे जुने चेअरमन, ज्यांना सगळा भाग आबा म्हणायचा, त्यांचे धाकटे चिरंजीव आणि आता स्वतः संघाचे संचालक. आबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. संघाची नवी इमारत बांधून होत आली होती आणि आबांच्या स्मरणदिनी तिच्यापुढे ही जीप शेडमध्ये ठेवायची, असा बेत होता.

"आबांची आवडती गाडी," दादा म्हणाले. "फौजेत होती तशी करा. हिरवा रंग, पांढरा तारा, सगळं. फक्त एक करायचं, ही दोन भोकं बुजवू नका."

जीपच्या दोन्ही बाजूंना, मागच्या चाकांच्या थोडं पुढे, पत्र्याला एकेक गोल भोक होतं. उजवीकडचं खाली, तळाजवळ. डावीकडचं त्याच्यापेक्षा वीतभर वर.

"गोळी लागलीय लढाईत," दादांनी बोट घालून दाखवलं. "इकडून शिरली, तिकडून तिरपी वर निघाली. आरपार. आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. तिथं पाटी लावायचीय."

गोळीचं भोक असतं तर एका बाजूचा पत्रा आत वळलेला असता आणि दुसऱ्या बाजूचा बाहेर. या दोन्ही भोकांच्या कडा कानशीने घासून गुळगुळीत केलेल्या होत्या. पण कडा बघायची मला गरजच नव्हती. ती जीप ट्रॉलीतून खाली उतरायच्या आधीच मी ओळखली होती.

दादा गेले तशी शांता पदराला हात पुसत बाहेर आली. जीपभोवती फिरली, डावीकडच्या भोकापाशी थांबली.

"हीच ना वो?"

"हीच."

"गोळी लागली म्हनत हुता त्यो?"

"त्याला तसंच सांगितलंय घरच्यांनी. दुष्काळानंतरचा जन्म हाय त्याचा."

तिने भोकाखाली हात धरला. मग म्हणाली, "अवं, रंग कुठला बी द्या, तारा काढा न्हाईतर चांद काढा. पर ह्या भोकाला गोळी म्हनू दिऊ नका. ह्याच्याखाली मी घागर धरलीय."

बहात्तरच्या दुष्काळात आमचं नुकतं लग्न झालं होतं. दोघंही रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतो आणि सरकारने वाटलेली सुकडी खाऊन दिवस काढत होतो. विहिरी आटल्या होत्या. पाण्याचा टँकर डोंगराच्या पायथ्याशी थांबायचा, कारण वर गावापर्यंत चढायला वाटच धड नव्हती. तेव्हा आबांनी धावपळ करून संघासाठी लिलावातली ही जीप आणली, आणि हमीद उस्तादांनी तिच्या मागच्या भागात लोखंडी टाकी बसवून दिली. खालच्या टँकरमधून टाकी भरायची आणि ती घेऊन जीपने चढ चढायचा. हे काम आबांनी केलं, ते मोठं होतं, आणि ते मी कुणासमोरही सांगेन. ती जीप नसती तर आमचं गाव उठलं असतं.

टाकीला तोट्या दोन होत्या, जीपच्या पत्र्याला भोकं पाडून बाहेर काढलेल्या. उजवीकडची गावाची, डावीकडची आमच्या वस्तीची. टाकी एक, पाणी एक, तोट्या दोन. आज वाचणाऱ्याला हे टोचेल. तेव्हा आम्हाला उलट बरंच वाटलं होतं. आपली वेगळी तोटी आहे, म्हणजे कुणीतरी येऊन वरून पाणी ओतेल म्हणून विहिरीच्या काठाला ताटकळत उभं राहायला नको. आमच्या आईने तर त्या दिवशी आबांना आशीर्वाद दिला होता.

पण डावीकडची तोटी वीतभर वर होती. दोन्ही बाजूंना पाणी एकदमच सोडायचे. टाकी उतरत गेली की आधी आमची धार बारीक व्हायची, मग थेंब, मग तेही बंद. जीप जमिनीपासून उंच असते. आमच्या बाया खाली वाकल्या की गाडीखालून पलीकडची धार चालू असलेली दिसायची. शांता रांगेत शेवटी असायची, नवी नवरी म्हणून. कितीतरी वेळा ती अर्धी घागर घेऊन आली आणि माझ्यापुढे मात्र भरलेला तांब्या ठेवून "मी तिथंच पिऊन आले" म्हणाली. तिथं प्यायला पाणी कुठलं असणार, हे कळायला मला उशीर लागला.

मग बायांनीच डोकं लढवलं. जीप जिथं उभी राहायची तिथं डाव्या चाकांसाठी कुदळीने खड्डा केला. गाडी डावीकडे कलली की पाणी आपल्या बाजूला येईल, असा हिशेब. एक खेप तो जमलाही. त्या दिवशी वस्तीत सगळ्यांच्या घागरी भरल्या आणि बाया हसत घरी आल्या. दुसऱ्या खेपेला गाडी फसते म्हणून ड्रायव्हरने खड्ड्यात दगड भरून घेतले.

तोटी वर का, यावर वस्तीत तेव्हा खूप बोलणं व्हायचं. शांता पहिल्यापासून एकच म्हणायची, "घाईघाईत केलंय मिस्त्रीनं. चुकून झालं असंल." मला तसं वाटत नव्हतं. दुष्काळ सरल्यावर मी संघाच्या गॅरेजात लागलो, उस्तादांचा हात बघितला, आणि माझी खात्रीच झाली. हा माणूस डोळ्यांनी मोजून भोक पाडायचा आणि ते सुताभराने चुकायचं नाही. त्याची वीतभर चूक होईल कशी? म्हणजे त्यांनी ते जाणूनबुजून केलं. त्यांनी मला आपल्या ताटात जेवायला बसवलं, माझ्या मुलीच्या लग्नात स्वतः मांडवाचे खांब उभे केले, आणि तरी माझ्या मनातून ती वीत गेली नाही. कधी विचारलं नाही. ते "हां" म्हणाले तर मी काय करणार होतो? ते वारले तेव्हा मी खांदा दिला, आणि तेव्हासुद्धा माझ्या मनात तेच होतं.

आता तीच जीप माझ्या अंगणात उभी होती.

काम नेहमीसारखं सुरू केलं. इंजिन बरं निघालं. डेल्को, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा डबा, गेलेला होता, पाटे बसले होते, ब्रेकच्या नळ्या सडलेल्या. ते सगळं झाल्यावर पत्रा हातात घेतला. वरचा रंग निवडणुकीतला, त्याखाली संघाचा पांढरा, त्याखाली फौजेचा हिरवा. रंग काढायचं औषध लावायचं, तो फुगून आला की पत्रीने, म्हणजे खरवडायच्या पातीने ओढायचा, मग पॉलिश पेपर. उजवी बाजू झाली. डावीकडे आलो. वरच्या भोकाच्या बरोबर खाली रंग उतरायला लागला आणि पत्रीला काहीतरी वेगळं लागलं. पाण्याने धुतलं, पेपर मारला. लोखंडाच्या करड्या पत्र्यात बांगडीएवढं पिवळं कडं चमकलं.

ती पितळेची वेल्डिंग होती. पातळ पत्रा जळू नये म्हणून उस्ताद तो पितळेच्या सळीने जोडायचे. कड्याच्या आत गोल तुकडा बसवलेला होता, इतका बेमालूम की रंगाखाली बोट फिरवलं तरी कळू नये. मी पट्टी आणली. खालच्या कडेपासून त्या तुकड्याच्या मध्यापर्यंत मोजलं. मग उजवीकडे जाऊन तिकडचं भोक मोजलं. माप एकच.

उस्तादांनी आधी दोन्ही भोकं एका पातळीत पाडली होती. मग कुणीतरी येऊन बघितलं असणार. डावीकडचं बुजवायला लावून वीतभर वर दुसरं पाडायला सांगितलं असणार.

मी तिथेच टायरवर बसलो. मला रडू आलं, आणि ते लपवावंसंही वाटलं नाही. इतकी वर्षं ज्या माणसाचा मनातून राग केला, त्याने आपल्या परीने बरोबरच केलं होतं. मोडायला लावलं तेव्हा त्याने मोडलं, कारण तो नोकर होता. आणि मला सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही.

शांता आली. मी तिला ते कडं दाखवलं, मापं दाखवली. म्हणालो, "बघ, उस्तादानं आधी सारखंच पाडलं हुतं. त्याचा दोष न्हवता गं."

मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. ती त्या पिवळ्या कड्यावर बोट फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हंजी कळत हुतं त्येंला."

"कुणाला?"

"ज्यानं बुजवायला लावलं त्याला. मी जलमभर म्हनत आले, चुकून झालं असंल, चुकून झालं असंल. चुकून न्हवतं."

ती आत निघून गेली. एकाच तुकड्याने माझ्या मनातला एक माणूस सोडवला होता आणि तिच्या मनातला एक विश्वास मोडला होता. तो तुकडा मीच उघडा केला होता. पण उघडा पडल्यावर मला तो परत रंगाखाली घालता येईना.

मी रणजितदादांना फोन केला. रंग देण्याआधी एकदा बघून जा म्हणालो. ते आले. मी सगळं सांगितलं, टाकी, तोट्या, वीतभराचा फरक, बुजवलेलं भोक. त्यांच्या हातात पट्टी दिली. त्यांनी दोन्ही बाजू स्वतः मोजल्या. चेहरा उतरत गेला.

"गोळी नव्हती म्हणजे."

"न्हवती दादा."

"हे बुजवायला..." ते थांबले. "आबांनीच सांगितलं असणार ना? संघ त्यांचाच होता."

मनात आलं, हो म्हणावं. पण मला ते माहीत नव्हतं. म्हणालो, "पत्रा काय केलं तेवढं सांगतो दादा. कुणी करायला लावलं ते न्हाई सांगत. आबा असतील, ड्रायव्हर असंल, गावातलं कुणी येऊन नडलं असंल. सांगणारं आता कुणी राहिलं न्हाई."

ते जीपकडे बघत बसले. वाईट माणूस नाही तो. बापाची आठवण म्हणून हौसेने गाडी आणली होती आणि तिच्यातून हे निघालं होतं. शेवटी त्यांनी दारात उभ्या असलेल्या शांताकडे बघितलं.

"मावशी, तुम्ही सांगा. काय करू मी ह्याचं?"

शांता म्हणाली, "मला नका इचारू. तवा कुणी इचारलं न्हवतं."

दादांनी मान खाली घातली. मग उठले आणि म्हणाले, "मिस्त्री, ह्या एवढ्या जागेवर रंग देऊ नका." आणि आपल्या गाडीत बसून गेले.

बाकी जीप मी मन लावून केली. फौजेचा हिरवा इतका नेमका जमला की स्वतःचाच हेवा वाटावा. फक्त डावीकडे हातभर पत्रा उघडा ठेवला आणि गंजू नये म्हणून त्यावर नुसता पारदर्शक लॅकरचा हात मारला. आत करडं लोखंड, त्यात पिवळं कडं, आणि वर भोक. असं अर्धवट दिसणारं काम मी आयुष्यात गिऱ्हाइकाच्या हवाली केलेलं नाही.

आबांच्या स्मरणदिनी आम्ही दोघं संघावर गेलो. भाषणं झाली, हार झाले, आबांनी दुष्काळात गावाला पाणी पाजलं हेही सांगून झालं, आणि ते खरंच होतं. जीप शेडमध्ये उभी होती. पाटीवर गोळीचं नाव नव्हतं. "दुष्काळात या जीपमधून पाणी आणले जाई. दोन्ही बाजूंची भोके तोट्यांची आहेत. डावीकडील आधीचे भोक बुजवून वर नवे पाडलेले आहे." एवढंच. का पाडलं ते नव्हतं. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडं कौतुकही वाटलं. एवढं लिहिण्यापुरतंसुद्धा त्या माणसाला घरात कुणाकुणाशी भांडावं लागलं असेल.

शांताने पाटी मला वाचायला लावली. ऐकून म्हणाली, "कावून वर पाडलं ते न्हाई लिव्हलं."

"न्हाई."

कॉलेजच्या दोन मुली डावीकडे वाकून त्या कड्याचा फोटो घेत होत्या. त्यातली एक म्हणाली, "हे वर कशाला केलं असेल गं?" शांता पुढे गेली.

"मी सांगते," ती म्हणाली. आणि सांगितलं. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही, कुणाचं नाव घेतलं नाही. घागर कशी धरायची, धार कशी बारीक व्हायची, गाडीखालून पलीकडचं पाणी कसं दिसायचं, एवढंच. मुलींनी फोन खाली घेतले. मागून एक म्हातारबा आले, मग बँकेतले दोघे, मग लेकरं कडेवर घेतलेल्या गावातल्या बाया. ज्याने विचारलं त्याला ती पहिल्यापासून सांगत होती. रणजितदादा लांब खांबापाशी उभे राहून ऐकत होते. ते मध्ये आले नाहीत आणि तिथून गेलेही नाहीत.

जेवणाच्या पंगती उठल्या, मांडव रिकामा व्हायला लागला. तिचे गुडघे दुखतात हे मला माहीत आहे. मी जवळ जाऊन म्हणालो, "चल आता, लई वेळ झाला उभी हायेस."

तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

"थांबा वो जरा," ती म्हणाली, "मागं आजून बाया हायेत."